हात आखूड म्हणून पोराला परत पाठवू नका : बॉक्सिंगमधला रीच आणि एमएमएमधला रीच

आमच्याकडं, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी ह्या पट्ट्यात, पोरगा जरा अंगानं भरायला लागला की घरातलं कोणतरी त्याला तालमीत नेऊन सोडतंय. हे आजोबा-पणजोबापासून चालत आलंय आणि चांगलंच आहे. आता मोबाईल आल्यापासून पोरं रात्री यूएफसीच्या, म्हणजे एमएमएच्या मोठ्या स्पर्धेच्या, क्लिपा बघतात, टायसनच्या जुन्या फाईट बघतात, आणि सकाळी तालमीत जोर मारता मारता विचारतात की बॉक्सिंग करू काय, एमएमए (बुक्की, लाथ, कुस्ती सगळं चालणारा खेळ) करू काय. मग कट्ट्यावर बसलेला कोणतरी मोठा माणूस पोराकडं वरपासून खालपर्यंत बघून सांगतो, "तुझा हात आखूड आहे रे, तुला नाही जमायचं." झालं, विषय संपला, पोरगं परत.

हे वाक्य मला अजिबात सहन होत नाही. अगदीच खोटं असतं तर सोडून दिलं असतं, खरं ते अर्धं बरोबर आहे आणि म्हणूनच पोरांना पटतंय. रीचला, म्हणजे हात किती लांब पोचतो त्याला, किंमत आहे, बॉक्सिंगमध्ये तर भरपूर आहे. खरं ती किंमत कुठून येते, कोणत्या नियमामुळं येते आणि नियम बदलले की तिचं काय होतं, हे कोण सांगत नाही.

येळ्ळूरचा माझा एक भाचा आहे, उंची बेताचीच, खांदे रुंद, मान अशी की मागनं धरायला गेलं तर हात पुरत नाही. त्यानं विचारलं, "मामा, माझा रीच कमी आहे म्हणतात, मग मी बॉक्सिंगला जायचं की एमएमएला, नीट सांगा की." तोंडी सांगता सांगता लई लांबलं, म्हणून म्हटलं लिहूनच काढतो, बाकीच्या पोरांनाबी उपयोग होईल.

पहिलं, रीच मोजतात कसा. दोन्ही हात आडवे पसरायचे, एका हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंत टेप लावायची, येतो तो रीच. म्हणजे ह्यात नुसता हात नाही, दोन्ही खांदे आणि छातीची रुंदीबी आली. दोघांचा रीच ७२ इंच असला तरी ज्याची छाती रुंद आहे त्याचा हात प्रत्यक्षात आखूड असणार. आपल्या तालमीतल्या पोरांचं हेच असतंय, टेपवर आकडा बरा येतो, खरं त्यातला बराचसा भाग खांद्यात गेलेला असतो. आणि उलटंबी होतं. सनी लिस्टनची उंची सहा फुटाच्या जराशी वर, रीच ८४ इंच. त्याच्यासमोर १९६४ मध्ये आलेला अली उंचीनं जास्त, रीच मात्र ७८. म्हणजे उंची बघून रीच सांगता येत नाही, आणि त्या दिवशी तर रीच बघून निकालबी सांगता आला नसता, कारण लिस्टन सातव्या राऊंडला स्टुलावरनं उठलाच नाही.

आता बॉक्सिंगमध्ये रीचला एवढा भाव का, ते बघा.

बॉक्सिंगमध्ये मारायला फक्त दोन मुठी. लाथ नाही, कोपर नाही, गुडघा नाही, धरून पाडणं नाही. कंबरेच्या खाली मारायचं नाही. दोघं एकमेकांना बिलगले की रेफ्री "ब्रेक" म्हणतो आणि दोघांना सुटं करतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, कारण सगळं इथंच आहे. आखूड हाताचा माणूस जिवाचं रान करून, तोंडावर चार जॅब (पुढच्या हाताच्या सरळ बुक्क्या) खाऊन आत शिरतो, एक-दोन बुक्क्या बरगडीवर हाणतो, तेवढ्यात लांब हातवाला त्याला मिठी मारतो, रेफ्री येतो, दोघांना लांब करतो. परत पहिल्यापासून. जे अंतर त्यानं मार खाऊन कमावलं होतं ते नियमानं त्याच्याकडनं काढून घेतलं. व्लादिमीर क्लिचको, साडेसहा फूट उंची, ८१ इंच रीच, हा माणूस वर्षानुवर्षं ह्याच जोरावर हेवीवेट चॅम्पियन राहिला, जॅब, जॅब, उजवा, समोरचा आत आला की धरून त्याच्या मानेवर वजन टाकायचं, रेफ्रीची वाट बघायची. लोकांना कंटाळवाणं वाटायचं. मला वाटत नाही, स्वतःचं माप ओळखून खेळणारा माणूस होता तो.

शिवाय उभं राहण्याची पद्धत. बॉक्सर अंग तिरपं करून उभा राहतो, पुढचा खांदा समोर, त्यामुळं जॅब मारताना खांद्याचीबी लांबी मिळते. पुढच्या पायावर वजन टाकायला भीती नाही, कारण त्या पायाला कोण लाथ मारणार नाही की कोण तो पाय धरून ओढणार नाही. लांब हात पुढं लटकत ठेवला तरी तो हात कोण धरून पिरगाळणार नाही. म्हणजे लांब हाताला पाहिजे तेवढी मोकळीक.

१९९० मध्ये टोकियोत टायसन पडला ती फाईट परत एकदा बघा. टायसनचा रीच ७१, बस्टर डग्लसचा ८३, एक फुटाचा फरक. त्या रात्री डग्लसनं जॅब थांबवलाच नाही, टायसन आत यायचा प्रयत्न करायचा की जॅब, मागनं उजवा, आणि तरीबी आला तर मिठी. दहाव्या राऊंडला टायसन खाली, माऊथपीस शोधत. कट्ट्यावरची मंडळी हीच फाईट पुरावा म्हणून काढतात.

खरं मी त्यांना विचारतो, टायसनचा हात काय त्या रात्री आखूड झाला काय? १९८६ मध्ये ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या राऊंडला झोपवून विसाव्या वर्षी चॅम्पियन झाला तेव्हाबी रीच ७१ च होता. त्यानं ज्यांना ज्यांना हाणलं त्यातले बहुतेक त्याच्यापेक्षा लांब हाताचेच होते. त्याचा कोच कस डमाटोनं त्याला शिकवलं होतं ते काय, तर हात गालाला लावून, डोकं सारखं डावी-उजवीकडं हलवत, जॅबच्या बाहेरनं किंवा खालनं घुसायचं, आणि घुसलं की एक नाही, तीन-चार बुक्क्या जोडून हाणायच्या, समोरच्याला मिठी मारायला वेळच द्यायचा नाही. टोकियोत डोकं हलायचं बंद झालं होतं, एकेक बुक्की मारून थांबत होता. रीचचा फरक पहिल्यापासूनच होता, तो झाकणारं काम बंद पडलं म्हणून तो उघडा पडला. आणि रॉकी मार्सियानो? रीच ६८ इंच, हेवीवेटमध्ये! ४९ फाईट, ४९ जिंकल्या, १९५६ मध्ये रिटायर.

मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकवणारी वाटते ती इनोए आणि फुल्टनची २०२३ ची फाईट. नाओया इनोए, जपानचा, साडेपाच फूट उंचीचा. स्टीफन फुल्टन उंचीनं जास्त आणि रीचला तीनेक इंचानं लांब. सगळ्यांना वाटलं फुल्टन लांबनं खेळणार आणि इनोए आत घुसायला बघणार. झालं उलटंच. लांबनं जॅबची मारामारी आखूड हातवाला इनोएच जिंकत होता. कसं? पायानं. मागच्या पायाचा रेटा असा की जॅब सुटायच्या आधी अर्धा पाऊल पुढं आलेला असायचा आणि जॅब लागल्यावर लगेच अर्धा पाऊल मागं, फुल्टनचा जॅब यायचा तेव्हा तो तिथं नसायचाच. आणि जॅब नुसता तोंडावर नाही, पोटावरबी. आठव्या राऊंडला पोटावर एक जॅब, फुल्टनचं लक्ष खाली, वरनं उजवा हात, खेळ संपला. टेपवरचा रीच आणि रिंगमधला रीच ह्यात जो फरक आहे तो पायात आहे, हे मी पोरांना कितीबी सांगितलं तरी पटत नाही, ही फाईट दाखवली की पटतंय.

मॅनी पॅकियाओनं २०१० मध्ये मार्गारितोला हाणलं तेव्हा सहा इंचाचा फरक होता, ६७ आणि ७३. तो साऊथपॉ, म्हणजे उजवा हात-पाय पुढं ठेवून खेळणारा, समोरून कधी आतच जायचा नाही, बाजूनं शिरून हाणून दुसऱ्या बाजूनं बाहेर. हेवीवेटमध्ये उसिकनं २०२४ मध्ये फ्युरीला दोनदा हरवलं, तिथं फरक सात इंचाचा, ७८ विरुद्ध ८५. फ्युरी तर पावणेसात फूट. उसिकबी साऊथपॉ, आणि त्याचे पाय बारा राऊंड थांबत नाहीत. आणि लांब हात असून त्याचा उपयोग न करणारेबी आहेत. सेबॅस्टियन फुंडोरा, साडेसहा फुटाच्या जवळ उंची, वजन सत्तर किलोच्या आत, त्याला वाटलं तर आयुष्यभर लांबनं जॅब मारून जिंकेल, खरं त्याला जवळ जाऊनच मारामारी आवडते. २०२३ मध्ये ब्रायन मेंडोझानं त्याला जवळच गाठून नॉकआऊट केलं. त्याचा खेळ बघायला मजा येते हे कबूल आहे, तरी देवानं दिलेलं असं वापरायचं नाही म्हणजे मला हळहळ वाटते.

म्हणजे बॉक्सिंगमध्ये हिशोब असा, दोघं बाकी सगळ्यात सारखे असतील तर लांब हातवाला जिंकणार, आखूड हातवाल्याला पाय, डोकं आणि दम ह्यात जास्तीचं काहीतरी आणावं लागणार. हे स्पष्ट सांगावं पोराला, लपवू नये.

आता एमएमएकडं या.

इथं अंतर राखायला रेफ्री लगेच येत नाही. बिलगलात तर बिलगलात, तिथनं पुढं फाईट चालूच. कोपर आहे, गुडघा आहे, केजच्या (फाईटच्या पिंजऱ्याच्या) जाळीला दाबून धरणं आहे, उचलून आपटणं आहे. आखूड हातवाला एकदा आत शिरला की त्यानं कमावलेलं अंतर त्याचंच राहतं, कोण काढून घेत नाही. माझ्या मते दोन्ही खेळातला सगळ्यात मोठा फरक हाच, लाथांच्यापेक्षाबी मोठा.

१९९३ मध्ये डेन्व्हरला पहिली यूएफसी झाली, त्यात आर्ट जिमरसन नावाचा बॉक्सर आला होता, एका हातात बॉक्सिंगचा ग्लोव्ह आणि दुसरा हात मोकळा. समोर रॉयस ग्रेसी. ग्रेसीनं त्याला खाली घेतलं, छातीवर बसला, आणि जिमरसननं एकबी बुक्की लागायच्या आधी हार मानली. तेव्हा नवीन होतं म्हणून सोडून द्या म्हणाल, तर २०१० मध्ये जेम्स टोनी, बॉक्सिंगमध्ये तीन वजनगटांत चॅम्पियन झालेला माणूस, रँडी कुटूरसमोर उभा राहिला. कुटूर मूळचा कुस्तीवाला. फाईट सुरू झाली आणि कुटूर असा खाली गेला की टोनीला कळलंच नाही, टाचेजवळनं पाय धरला आणि ओढला. अहो, हा आपला एकेरी पट! आनंदवाडीच्या आखाड्यात जत्रेच्या कुस्तीत दुसरी-तिसरीतला पोरगा जो पट काढतो तोच. टोनी पाठीवर, आणि पहिल्याच राऊंडला गळा आवळून विषय संपला. टोनीच्या मुठीचा, बचावाचा, हाताच्या लांबीचा काय उपयोग झाला? वस्तादांना मी ती क्लिप दाखवली तर ते बराच वेळ बघून म्हणाले, "त्या गड्याचा पुढचा पाय बघ, असा पाय आमच्याकडं कोण ठेवतो काय?"

वस्तादांनी नेमकं दुखणं धरलं. बॉक्सरचा तो पुढचा पाय, ज्याच्यावर वजन टाकून तो जॅब लांब नेतो, तोच पाय एमएमएमध्ये सापडतो. एकतर पट निघतो, नाहीतर पोटरीवर लाथ बसते. २०२१ च्या जानेवारीत मॅकग्रेगर आणि पॉरिएची दुसरी फाईट झाली, मॅकग्रेगरचा रीच ७४, पॉरिएचा ७२, आणि मॅकग्रेगर बॉक्सरसारखा पुढच्या पायावर वजन टाकून उभा. पॉरिएनं पोटरीवर लाथा घातल्या, घालत राहिला, पाय सुजला, पाय हलायचा बंद झाला, मग दुसऱ्या राऊंडला हातानं काम संपवलं. हाताचा रीच होता तिथंच होता, खरं तो घेऊन जाणारा पायच राहिला नाही.

म्हणून एमएमएमध्ये लोक जरा समोर तोंड करून, पाय रुंद ठेवून, थोडं लांबच उभे राहतात. कारण पाय हातापेक्षा लांब. जिथं जॅब पोचत नाही तिथनं लाथ पोचते, म्हणजे हाताच्या दोन-तीन इंचांचा फरक लाथेच्या अंतरावर विरघळून जातो. यूएफसी तर पायाचाबी रीच मोजते आणि खेळाडूच्या माहितीत छापते, बॉक्सिंगमध्ये त्याला कोण विचारणार.

आणि जॅब मारायचा म्हटलं तरी मनात भीती. हात लांब केला, अंग वर उठलं, की समोरचा खाली वाकून कंबरेत शिरला. खबीब आणि मॅकग्रेगरची २०१८ ची फाईट, रीच ७० विरुद्ध ७४. खबीब जगातला सगळ्यात भारी बॉक्सर होता काय? नव्हता. तरी दुसऱ्या राऊंडला त्यानं उजव्या हातानं मॅकग्रेगरला खाली पाडलं. का, तर मॅकग्रेगरचं सगळं लक्ष खबीब पायात कधी शिरतो तिकडं, हात खाली आले, वरनं बुक्की आली. चौथ्या राऊंडला मान आवळून संपवलं. पटाच्या भीतीनं आखूड हात लांब होतो. आमच्या तालमीतल्या पोरांनी हे वाक्य वहीत लिहून ठेवावं असं मला मनापासून वाटतं, कारण पट त्यांच्याकडं आधीपासूनच आहे, दुसऱ्यांना तो पंचविसाव्या वर्षी शिकावा लागतो.

मग काय, एमएमएमध्ये रीचला किंमतच नाही? असं म्हटलं तर लगेच कोणतरी जॉन जोन्सचं नाव काढणार, आणि काढायलाच पाहिजे. उंची सहा फूट चार इंच, रीच साडेचौऱ्याऐंशी इंच. २०१५ मध्ये त्याच्यासमोर डॅनियल कॉर्मिए, अमेरिकेकडनं ऑलिम्पिकला कुस्ती खेळलेला, पाच फूट अकरा इंच, रीच साडेबहात्तर. बरोबर एक फुटाचा फरक, टायसन-डग्लससारखाच. आणि जोन्स जिंकला. हात पुढं करून कपाळावर ठेवायचा, गुडघ्यावर लाथ मारायची, जवळ आला की कोपर. खरं त्या फाईटमध्ये नीट बघा, कॉर्मिए आत बऱ्याचदा पोचला होता, जाळीजवळ, अंगाला अंग लावून. तिथं जोन्सनं त्याला पाडू दिलं नाही, उलट स्वतः त्याला पाडलं. कारण जोन्स शाळा-कॉलेजपासून कुस्ती खेळलेला. म्हणजे त्याच्या रीचला राखण होती, कुस्तीची. ती राखण नसती तर साडेचौऱ्याऐंशी इंच हात पाठीवर पडल्यावर काय कामाला आले असते?

पुरावा पाहिजे तर स्टेफान स्ट्रूव्ह घ्या. जवळजवळ सात फूट उंची, रीच जोन्सएवढाच, साडेचौऱ्याऐंशी. २०१३ मध्ये जपानला मार्क हंटसमोर आला, हंट पाच फूट दहा इंच, रीच ७२, अंगानं भरलेला, आपल्याकडं जत्रेत शेवटची कुस्ती लावतात तसा गडी. स्ट्रूव्हला जॅबनं लांब ठेवणं कधी जमलंच नाही, जमिनीवर तो चांगला होता म्हणून तिथंच बघायचा. तिसऱ्या राऊंडला हंटच्या डाव्या हातानं त्याचा जबडा मोडला. लांब हात म्हणजे लांब दांड्याची कुऱ्हाड आहे बघा, मोकळ्या रानात घाव जोरात बसतो, खरं कुंपणात शिरलात की ती फिरवायलाच जागा मिळत नाही.

जमिनीवर मात्र लांब हातपायांचा वेगळाच उपयोग होतो, आणि हे बॉक्सिंगवाल्यांच्या ध्यानातच येत नाही. गळ्याभोवती हात घालून दुसऱ्या हातानं कुलूप लावायचं तर हात लांब असला की पटकन पोचतो. पायांनी मान आणि खांदा आवळायचा ट्रँगल, तो लांब पायवाल्याला सोपा जातो. जोन्सनं २०११ मध्ये माचिदाला उभ्या उभ्या गिलोटिननं (समोरून मान काखेत धरून आवळणं) झोपवलं, हात सुटला तसा माचिदा खाली कोसळला. नेट डियाझ, ७६ इंच रीच, २०१६ मध्ये मॅकग्रेगरला मागनं गळा आवळून हरवला. तरी आखूड जाड हातवाल्यांनीबी वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, जाड मनगट गळ्यात घट्ट बसलं की सुटत नाही, आणि आखूड हात धरून पिरगाळायला अवघड. घिस्सा मारायला, ढाक लावायला, कंबर खाली ठेवून रेटायला आटोपशीर बांधाच बरा, हे वस्ताद लोकांना सांगायला नको.

ग्लोव्हचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. बॉक्सिंगचे ग्लोव्ह आठ, दहा औंसाचे, मोठे, त्यांच्या आड तोंड लपवून आखूड हातवाला पुढं सरकू शकतो. एमएमएचा ग्लोव्ह चार औंसाचा, बोटं उघडी, त्याच्या आड काय लपत नाही, बुक्की फटीतनं आत येते. म्हणजे टायसनसारखं हात गालाला लावून शिरणं केजमध्ये जास्त धोक्याचं आहे. इथं लांब हातवाल्याला थोडा फायदा होतो, हे मान्य करायला पाहिजे. जागेचंबी तसंच. यूएफसीचा मोठा केज तीस फूट रुंद, बॉक्सिंगची रिंग दोरीच्या आत साधारण सोळा ते वीस फूट. रिंगला चार काटकोनी कोपरे, तिथं लांब हातवाल्याला कोंडता येतं. आठ कोनांच्या केजमध्ये कोपरा तसा मिळत नाही, तो बाजूनं निसटतो. मग त्याला कोंडायचं कशानं? जाळीला दाबून, कमरेत हात घालून. परत कुस्तीच आली.

अलेक्झांडर व्होल्कानोव्स्की माझा लाडका, म्हणून त्याचं सांगतोच. उंची साडेपाच फूट, समोर मॅक्स हॉलोवे पाच फूट अकरा इंच, फोटोत बघितलं तर वाटणार लहान भाऊ मोठ्या भावाशेजारी उभा आहे. टेपवर मात्र व्होल्कानोव्स्कीचा रीच साडेएकाहत्तर आणि हॉलोवेचा ६९. तिन्ही फाईट व्होल्कानोव्स्कीनं जिंकल्या. जॅब, पोटरीवर लाथ, आत शिरायची हूल, परत जॅब. कट्ट्यावरच्या मंडळींनी ह्याला नुसतं बघून घरी पाठवला असता. म्हणून म्हणतो, आधी टेप लावा, मग बोला.

आपल्या देशातलं बघायचं तर मेरी कोम. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकला बायकांच्या बॉक्सिंगमध्ये सगळ्यात हलका गट ५१ किलोचा, तिचा खरा गट त्याच्या खालचा, म्हणजे तिला वरच्या गटात जाऊन उंच, लांब हाताच्या पोरींशी खेळावं लागलं. ब्राँझ आणलं. लवलीनानं टोकियोत ब्राँझ आणलं, ती उंच, लांब हाताची, तिचा खेळच लांबचा. दोघींचं शिकण्यासारखं, खरं एकीचं बघून दुसरीला शिकवायला गेलात तर पोरीचं वाटोळं होईल. एमएमएत रितू फोगाट कुस्तीतनंच गेली. २०२४ मध्ये पूजा तोमर यूएफसीत फाईट जिंकणारी पहिली भारतीय महिला झाली, ती वुशूतनं (चिनी मारामारीचा खेळ) आलेली, तिचं हत्यार लाथ.

भाच्यानं हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामा, मग मी काय करू, ते सांगा की."

तुला सांगतो ते असं. बॉक्सिंग करायचं मनात असेल तर जा, हात आखूड म्हणून थांबू नको. अमॅच्युअरमध्ये तीन मिनिटांचे तीनच राऊंड असतात, बारा राऊंड समोरच्याला दमवत बसायला वेळ नाही, म्हणून आखूड हातवाल्यानं पहिल्या मिनिटापासून आत जायला शिकायला पाहिजे. पहिले सहा महिने बुक्क्यांपेक्षा पायावर घाल. दोन्ही बाजूला सरकणं, अर्धा पाऊल आत अर्धा पाऊल बाहेर, डोकं मध्यरेषेवर कधी ठेवायचं नाही. एक जॅब मारून थांबायचं नाही, दोन मार, दुसऱ्याच्या मागं आत शीर. आत गेलास की बरगडी, पोट. तोंडावर मारायची हौस नंतर. मिठी मारायला आला तर त्याच्या हातांच्या आतनं स्वतःचे हात काढायला शिक, तुझी मान जाड आहे, ती वापर. आणि वजनाचं बघ, तू आता आहेस त्यापेक्षा एक गट खाली आलास तर समोरच्यांचे हात आपोआप थोडे आखूड होतील. खरं उपाशी राहून नाही, पोरं भरतीच्या आधी करतात तसले प्रकार करून तर अजिबात नाही, खुराक नीट ठेवून महिन्या-दोन महिन्यांत हळूहळू.

एमएमए करायचं असेल तर तालीम सोडू नको. हे मी हात जोडून सांगतोय, कारण बरीच पोरं नवीन जिमला नाव घातलं की आधी तालीमच बंद करतात. तुझा पट, तुझी मान, तुझी कंबर, हे तिथलं भांडवल आहे. मातीबरोबर मॅटवरबी ये, कारण केजमध्ये माती नाही, पाय वेगळा धरतो. लांबनं जॅबच्या मापात उभा राहून बघत राहायचं नाही, ते अंतर लांब हातवाल्याचं. एकतर लाथेच्या बाहेर राहा, नाहीतर अंगाला अंग लाव. मधल्या जागेत थांबायचं नाही. पाठीवर पडल्यावर काय करायचं ते मात्र शिकायलाच पाहिजे, कुस्तीत पाठ लागली की संपतं, तिथं संपत नाही, आणि पट काढताना मान बाहेर ठेवायची सवय असेल तर गिलोटिन बसलाच म्हणून समज. डोकं त्याच्या बरगडीला चिकटवून, मान ताठ. वस्तादांना सांग, ते करून घेतील, त्यांना एकदा दाखवलं की कळतंय.

भाच्यानं सध्या बॉक्सिंगच धरलंय, संध्याकाळी तिलकवाडीकडं प्रॅक्टिसला जातोय आणि सकाळी तालीम चालूच आहे. त्याच्या आईचं, म्हणजे माझ्या ताईचं म्हणणं होतं की दोन्ही एकदम नको, अंगावर येईल. ते मला पटलं, म्हणून आठवड्यातनं तीन दिवस बॉक्सिंग, तीन दिवस कुस्ती आणि एक दिवस पूर्ण सुट्टी, असं ठरवलंय. त्याचा रीच टेपनं मोजला तर उंचीपेक्षा दोन इंच जास्त निघाला.